सोजराबाईची सिमिटाची भिंत

कुरुंद्यात सोजराबाईचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक म्हणजे, शिजवून पसरलेली हळद आतपर्यंत वाळली की नाही, हे ती मूठभर कांड्या ओंजळीत खुळखुळवून सांगायची. दुसरी म्हणजे, तिच्या घरात सिमिटाची भिंत होती. पहिल्या गोष्टीचा तिला अभिमान नव्हता, कारण ती तिला येतच होती. दुसरीचा मात्र होता, कारण ती गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

भिंत तरी किती? मधल्या खोलीची मागची एकच. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या मातीच्या, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. पण पाहुणा आला की सोजराबाई त्याला अशा बेतानं बसवायची, की त्या तीन भिंती त्याच्या पाठीला आणि बाजूला जाव्यात आणि चौथी बरोबर तोंडासमोर यावी. बसल्यावर पाहुणा भिंतीबद्दल काही बोलला नाही, तर त्याला चहा जरा उशिरानं मिळायचा.

ही भिंत घरात आली कशी, ते सांगितलं पाहिजे, कारण त्यावर गावानं पुरा एक उन्हाळा काढला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शेषराव मालकानं गावात नवं घर बांधायला काढलं. तेव्हा सिमिट परमिटवर मिळायचं. त्यासाठी तहसिलीत खेटे घालावे लागायचे, आणि गोण्या घेऊन बैलगाडी वेशीतून आत आली की बाया हातातलं काम टाकून बघायला उभ्या राहायच्या. मालकाचं घर पुरं झालं आणि थोडं सिमिट उरलं. सोजराबाई त्यांच्याकडं हळदीच्या कामाला होती. हंगाम संपल्यावर बाकीच्या बाया मजुरी घ्यायला उभ्या राहिल्या, तेव्हा ही म्हणाली, "मालक, माझी मजुरी राहू द्या. ते उरलेलं सिमिट द्या."

शेषरावाला वाटलं, बाई थट्टा करून राहिली. मजुरीत ज्वारी घेतलेली त्यानं पाहिली होती, चोळी-लुगडं घेतलेलं पाहिलं होतं. सिमिट घेणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली. त्यानं विचारलं, "नवऱ्याला विचारलं का?"

"विचारते," म्हणाली, आणि गोणी घरी आल्यावर विचारलं.

नवरा म्हणजे ग्यानोबा. स्वभावानं इतका गरीब, की घरात एखादी नवी वस्तू दिसली की त्याला आधी वाटायचं, आपण चुकून दुसऱ्याचीच उचलून आणली. गोणी बघून तो म्हणाला, "कुणाची हाय?"

"आपली."

"मग बाहेर काहून ठेवली? चोरीला जाईल." एवढ्यावर ग्यानोबाची संमती झाली.

मिस्त्री शोधायला लांब जायची गरज नव्हती. मागच्या गल्लीच्या पलीकडं मकबूल मिस्त्री राहायचा. त्याची बायको रहिमाबी आणि सोजराबाई या दोघींचं पटायचंही आणि पटायचंही नाही. म्हणजे एकमेकींच्या घरात मीठ-मिरची न विचारता जायची, पण एकमेकींबद्दल चांगलं बोलायला दोघींचीही जीभ उचलायची नाही. मकबूलनं सिमिटाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "एका भिंतीची एकच बाजू होईल भाभी. आतून करू की बाहेरून?"

"बाहेरून कोण बघतंय?" सोजराबाई म्हणाली.

झालं. भिंत मातीची, गल्लीकडची बाजू मातीचीच राहिली आणि खोलीकडची बाजू सिमिटाची झाली. मकबूलनं जीव ओतला. थापी फिरवून फिरवून अशी गुळगुळीत केली, की कंदिलाचा उजेड तिच्यावर लोळायचा. काम संपल्यावर तो दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "आता ह्यातनं पाण्याचा थेंब आत येणार न्हाई. माझी जबान हाय."

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया दुपारच्या यायच्या आणि गार लागतं म्हणून भिंतीला गाल लावून उभ्या राहायच्या. सोजराबाई त्यांना उभं राहू द्यायची. मात्र डोक्याला तेल लावून आलेलीला हटकायची.

मग पावसाळा आला, आणि आषाढात भिंतीवर तीळ सांडल्यासारखे काळे ठिपके उठले. सोजराबाईनं फडक्यानं पुसले. गेले. आठवडा झाला नाही तोच परत आले, आणि येताना हिरवट लव घेऊन आले. बुरा. लोणच्यावर येतो तोच. पुढं तो ग्यानोबाच्या चपलेवर आला, वाकळेच्या कडेला आला, भिंतीला टेकून ठेवलेल्या कणगीच्या बुडाला आला. दुष्काळाच्या सालात बुरा हा शब्दच गाव विसरलं होतं. तेव्हा भाकरी घरात इतका वेळ राहतच नव्हती.

सोजराबाईनं भिंतीला राखेनं घासलं, घासलेट फासलं, लिंबाचा पाला उकळून ते पाणी मारलं. चुना दिला तर गुळगुळीत सिमिटावर तो धरेना, खपल्या होऊन गळून पडला. दरवेळी चार दिवस भिंत स्वच्छ राहायची आणि एखादी झड येऊन गेली की बुरा पहिल्यापेक्षा तरारून उठायचा. हिवाळ्यात आपोआप गेला. सोजराबाईनं मनाशी धरलं, नवी भिंत आहे, अंगावरचा मळ टाकते आहे. पुढच्या पावसाळ्यात बुरा परत आला, तेव्हा मात्र तिनं पाहुण्यांना भिंतीकडं पाठ करून बसवायला सुरुवात केली. रहिमाबीनं एकदा मुद्दाम बोट दाखवून विचारलं, "ते काळं काळं काय हाय गे?"

"सावली हाय."

"कशाची?"

"तुझी. जरा सरक."

हे असंच चाललं असतं. बुऱ्यापायी कुणी मरत नाही, असं ग्यानोबा म्हणायचा, आणि सोजराबाई त्याच्यावर ओरडायची खरी, पण तिलाही तेच वाटायचं. पण त्या साली पंचशीलाला दिवस गेले.

पंचशीला त्यांची एकुलती लेक. दिली होती सेनगावाकडच्या गोरेगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. ती कुणी मोडली तर लोक सासरला काही म्हणत नाहीत. म्हणतात, माहेरात पोरीला बाज टाकायला जागा नव्हती. सोजराबाईनं ह्या बाळंतपणासाठी ओवा, शेपा, डिंक, जुनं मऊ लुगडं असं सगळं वर्षभर आधीच जमवलेलं. म्हणजे लग्नाआधीपासून, असंही गावात म्हणायचे, पण गाव काहीही म्हणतं. आषाढाच्या शेवटाला लेकीला आणलं, आणि सोडायला विहीणबाई स्वतः आल्या. जनकाबाई.

जनकाबाई उंच, सडसडीत, बोलायला मोजकी. गोरेगावात म्हणायचे, ती बाजारात वांगी घ्यायला उभी राहिली की माळी आपणहून किडकी वांगी बाजूला काढायला लागतो. तिनं उंबऱ्यात "जयभीम" केला, पाय धुतले, पाणी प्याली. सोजराबाईनं सतरंजी भिंतीकडं पाठ येईल अशी टाकली. जनकाबाईनं ती उचलली, फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

थोड्या वेळानं म्हणाली, "विहीणबाई, लोणचं नासलं का?"

"न्हाई बा."

"मग वास कशाचा येऊन राहिला?"

"पावसाळा हाय," सोजराबाई म्हणाली.

"पावसाळा आमच्याकडं बी असतो." जनकाबाई उठली, कणगीच्या मागं हात घातला आणि बाहेर काढून तळवा समोर धरला. बोटं हिरवीकाळी. तिनं आवाज चढवला नाही. "माझ्या नणंदेचं लेकरू असल्याच कोंदट खोलीत जन्मलं. तीन महिने खोकलं. मग खोकायचं थांबलं." ती हात धुवायला बाहेर गेली आणि परत येऊन म्हणाली, "पोरगी तुमची, मान तुमचा. पण नातवंड माझं बी हाय. पोळा झाला की येते. बुरा नसंल तर चहा पिऊन जाते. असंल तर पोरीला घेऊन जाते."

पंचशीला दारात उभी होती. ती ना आईकडं बघेना ना सासूकडं. आपल्या पोटाकडं बघत राहिली, कारण तिथं बघितलं तर कुणालाच राग येत नाही.

जनकाबाई गेल्यावर सोजराबाई संध्याकाळपर्यंत भिंत घासत राहिली. नणंदेच्या लेकराची गोष्ट ऐकून तिचा रागच खुंटला होता. बाई नुसती टोचून गेली असती तर तिला चार शब्द सुनावता आले असते. हे टोचणं नव्हतं. आणि पोळा महिन्यावर आलेला.

सकाळी तिनं चांगुणाला बोलावलं. चांगुणा गावची सुईण. अर्ध्या गावाचा चेहरा सगळ्यात आधी तिनंच पाहिलेला, म्हणून उरलेल्या गावावरही तिचा हक्क. तिनं भिंतीला हात लावला, मग कान लावला, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गारठा धरलाय."

"कुणी?"

"भिंतीनं. मातीच्या अंगावर थंडगार सिमिट लेपलंस, सर्दी झाली तिला. बाळंतिणीला गारठा धरला तर काय करतो आपण?"

"खोली बंद करतो. शेक देतो. धुरी देतो."

"मग? वारं लागू देऊ नको. शेक दे."

आता, हे बोलणं हसण्यासारखं वाटेल, पण गावात कुणी हसलं नाही. चांगुणाच्या हातून बिघडलेलं बाळंतपण कुणाला आठवत नव्हतं. तिनं सांगितलेलं औषध माणसाला लागू पडतं, तर भिंतीला का पडू नये? सोजराबाईनं झरोक्यात पोतं कोंबलं. दाराला वाकळ लावली. आत शेगडी पेटवली, तिच्यावर पाण्याचं पातेलं, पाण्यात ओवा आणि लिंबाचा पाला. पंचशीलाची बाज ओसरीत टाकली आणि ग्यानोबाला शेगडीपाशी बसवलं. तो निखाऱ्यांवर राख येऊ देत नव्हता. पाणी आटलं की भरत होता. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "कशी काय हाय तब्येत?" आणि ग्यानोबा म्हणायचा, "उतार पडंल असं वाटून राहिलं."

रहिमाबी गल्लीतून ओरडून विचारायची, "सोजरा, भिंतीला कितवा महिना?"

"तुझ्या तोंडाला लागलाय तोच," सोजराबाई आतून म्हणायची.

आठवडाभर शेक झाला. चांगुणानं सांगितलं, आता उघड. सोजराबाईनं वाकळ काढली, झरोक्यातलं पोतं काढलं आणि उजेड आत आला. बुरा भिंतीवर तर होताच, पण आता तो पत्र्याखालच्या लाकडांवर होता, दुसऱ्या दोन भिंतींवर होता, दोरीवरच्या धडुत्यांवर होता, आणि ग्यानोबाच्या पागोट्यावरही होता. तेवढी ऊब आणि तेवढी वाफ त्याला जन्मात मिळाली नसावी. कोपऱ्यात तर तो जावई लोडाला टेकतो तसा निवांत पसरला होता. पंचशीला डोकावून बघायला आली आणि तिला असा खोकला लागला, की दोन्ही हातांनी पोट धरून ती खाली बसली.

चांगुणा म्हणाली, "शेक कमी पडला."

सोजराबाईनं तिला पान-सुपारी दिली आणि सुईणीच्या कामाला नंतर बोलावीन असं सांगून वाटेला लावलं. मग गल्ली ओलांडून मकबूलच्या दारात जाऊन उभी राहिली. मकबूल जेवत होता.

"मिस्त्री, तुमी म्हणला व्हता, थेंब आत येणार न्हाई."

"आला का?" मकबूलनं विचारलं.

"थेंब न्हाई आला. बुरा आला."

"बुऱ्याचं मी काय बोललो नव्हतो भाभी."

रहिमाबीनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली, म्हणजे बोलणं चालू राहावं. सोजराबाई त्यांच्या भिंतीकडं बघत होती. तीही गल्लीवरच. त्याच गल्लीचं पाणी तिच्याही बुडाशी. आतून-बाहेरून नुसती माती, कडेला रहिमाबीच्या बोटांचे फराटे उठलेले. पण बुऱ्याचा एक ठिपका नाही. तिनं हात लावला. कोरडी, जराशी खरबरीत.

"तुमच्या भिंतीला काहून न्हाई?"

"आमच्याकडं सिमिट कुठंय?" मकबूल खंतावून म्हणाला. "असतं तर मी बी केलं असतं."

"सकाळी पायाशी ओली असती की," रहिमाबी म्हणाली. "ऊन पडलं की वाळती. भिजती, वाळती. मातीला काय अक्कल असती का? हवा लागली की वाळती." आणि मग, सवय म्हणून, "तुझी भिंत बडी साहेबीण हाय बाबा. तिला वाळायची तकलीफ कोण देईल?"

सोजराबाई घरी आली. तिच्या डोक्यात काहीतरी अडकलं होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. ते हाताला लागलं ते ग्यानोबामुळं, आणि त्यानं तर ते चुकूनच केलं. बुरा लागलेली धडुती वाळत घालायला आणखी एक दोरी बांधावी म्हणून तो सिमिटाच्या भिंतीत खिळा ठोकत होता. दोन घाव बसले, आणि ताटाएवढा सिमिटाचा तुकडा सुटून त्याच्या पायावर पडला.

ग्यानोबा पाय विसरून तुकडा उचलून परत भिंतीला लावायला लागला. सोजराबाईनं त्याचा हात धरला. तुकड्यामागची माती काळीकुट्ट, ओलीगच्च दिसत होती. आताच तुडवून ठेवल्यासारखी. तिच्यातून उबट वास येत होता. सोजराबाईनं बोटांनी थोडी माती उकरली, मुठीत घेतली आणि मूठ दाबली. चिखल झाला.

त्या मुठीला ही ओल ओळखीची होती. गेल्या हंगामात आभाळ आलं म्हणून शेषरावाच्या खळ्यावर पोरांनी घाईघाईत हळद पोत्यात भरली होती. वरून खडखडीत, पोटात ओली. सोजराबाईनं सगळी पोती परत ओतायला लावली होती आणि मुकादमाला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, की ओली हळद पोत्यात बांधली की तिचा घाम तिलाच लागतो, मग बुरा आला म्हणून पोत्याला कशाला नावं ठेवता? आता तेच तिला स्वतःला ऐकवायचं होतं. पाणी गल्लीकडून मातीत येत होतं, वर चढत होतं, आणि खोलीकडं वाळायला निघालं की मकबूलच्या जबानीला धडकून तिथंच बसत होतं. सबंध भिंत तिनं ओलीच पोत्यात भरली होती आणि हंगामाची मजुरी देऊन तोंड शिवलं होतं. वर खोली कोंडून वाफ दिली होती, ते वेगळंच.

"पहार आणा," ती म्हणाली.

"कशाला?"

"पोतं उसवायला."

ग्यानोबाला काही कळलं नाही. त्यानं पहार आणली. ती उंबऱ्यातच टेकवून ठेवून म्हणाला, "शीलाची माय, एक भिंत हाय आपल्याकडं. जरा इचार कर."

सोजराबाई विचारच करत होती. खोटं कशाला सांगा, तिला ती भिंत फार आवडायची. दुपारी घरात कुणी नसलं की तीही गाल लावून उभी राहायची, आणि हे रहिमाबीनं झरोक्यातून बघितलेलंही होतं. ती भिंतीसमोर बसून राहिली. ओसरीतून पंचशीलाच्या खोकल्याचा आवाज आला. सोजराबाई उठली आणि तिनं पहिला घाव घातला.

आवाज ऐकून मकबूल धावत आला. दारातून बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याच्याच म्हशीवर कुऱ्हाड घातली. "काय करून राहिल्या भाभी? तशी थापी आता माझ्यानं बी होणार न्हाई."

"म्हणूनच तोडवंना," सोजराबाई म्हणाली. पहार तिला पेलत नव्हती, आणि तोडलेली कडही वेडीवाकडी गेली होती. मकबूलला ते बघवेना. त्यानं तिच्या हातातून पहार घेतली. "माझ्या हातचं हाय, वाकडं तोडू नका," म्हणाला, आणि ओळीत, नीट, सुतात तोडलं. वरच्या कोपऱ्यातला एक तुकडा मात्र काही केल्या निघाला नाही. मकबूल त्याच्याकडं बघून जरासा हसला. सोजराबाईनं तो राहू दिला.

भिंत उघडी झाली, पण वाळवायची कशी? श्रावण चालू होता. हळदीला निदान उन्हात टाकता येतं, भिंत उचलून खळ्यावर नेता येत नाही. मग सोजराबाईनं खळंच घरात आणलं. जे हळदीला करायची, ते तिनं भिंतीला केलं. म्हणजे मध्ये काही येऊ द्यायचं नाही, चहूकडून वारं लागू द्यायचं, आणि वरून वाळली म्हणून फसायचं नाही. कणगी उचलून दुसऱ्या खोलीत, तीही भिंतीपासून हातभर लांब. दोरी ओसरीत. आंघोळीच्या पाण्याचा हंडा अंगणातल्या चुलीवर. झरोका मकबूलनं मोठा केला आणि समोरच्या भिंतीत दुसरा पाडला, म्हणजे एकीकडनं आलेलं वारं दुसरीकडनं जाईल. ऊन पडलं की दोन्ही उघडे, झड आली की बंद. बाहेर ग्यानोबानं गल्लीत चर खणला, भिंतीच्या बुडाशी मुरूम ठोकला, आणि पत्र्याला पुढं जुना पत्रा जोडला, म्हणजे पागोळ्या भिंतीच्या पायावर न पडता चरात पडतील. बाकीच्या भिंतींचा बुरा चुन्याच्या निवळीत चिमूटभर मोरचूद टाकून खरडून पुसला.

सगळ्यात जड गेलं ते सारवणाचं. त्या खोलीत भिंत वाळेपर्यंत शेणाचा हात फिरवायचा नाही, असं तिनं ठरवलं. श्रावणात न सारवलेलं घर. गल्लीतल्या ज्या बाया भिंतीला गाल लावायला यायच्या, त्या आता जमीन बघायला यायच्या. एकीनं नाकाला पदरही लावला. सोजराबाई तिला म्हणाली, "वास येत असंल तर सांग. त्याच्यासाठीच खटाटोप चाललाय." बाईनं वास घेतला, नाइलाजानं नाही म्हणाली आणि गेली.

रोज सोजराबाई भिंतीतली चिमूटभर माती उकरून मुठीत दाबायची. आधी चिखल व्हायचा. मग गोळा व्हायचा. मग गोळा फुटायला लागला. मधेच दोन दिवसांची झड लागली आणि परत गोळा झाला. त्या दिवशी ती जेवली नाही. पोळ्याच्या आठवड्यात एकदा उघडीप पडली. मूठ उघडली तर माती बोटांतून भुरुभुरु गळाली, पण तळाशी, हातभर उंचीपर्यंत, अजून ओल होती. तिनं मकबूलला विचारलं, वरून मातीचा हात देऊन गुळगुळीत करू का, विहीणबाई येणार. मग स्वतःच म्हणाली, "नको. हाय तशी दिसू द्या."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जनकाबाई आली. एसटीतून उतरतानाच तिनं परतीची गाडी कधी आहे ते कंडक्टरला विचारून घेतलं होतं, हे स्टँडवरून तिच्या आधी घरी पोचलं. सोबत तिचा दीर नरसिंग होता, आणि नरसिंगच्या खांद्यावर मऊ वाकळ होती. गाडीत पंचशीलाच्या खाली टाकायला.

ती खोलीत आली. पहारीचे घाव पडलेली, खडबडीत, उघडीनागडी भिंत समोर होती. वर कोपऱ्यात सिमिटाचा तेवढा तुकडा. जनकाबाईनं खोलीत परत आणलेल्या बाजेखाली वाकून बघितलं. वरच्या वाकळेचा वास घेतला. भिंतीच्या बुडाशी हात लावला, तळवा बघितला. मातकट होता. काळा नव्हता. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि नुसता श्वास घेत राहिली. ओसरीत ग्यानोबानं तोपर्यंत श्वास घेतला नव्हता.

"भिंतीला काय झालं?"

"उघडी केली," सोजराबाई म्हणाली.

"खाली वल हाय अजून."

"हाय. दिवाळीपर्यंत जाईल. तवर लिंपणार न्हाई."

"चांगली दिसत न्हाई."

"न्हाई."

"आधी चांगली दिसत व्हती."

"व्हय," सोजराबाई म्हणाली. तिनं सतरंजी भिंतीकडं तोंड येईल अशी टाकली.

जनकाबाई सतरंजीवर बसली. पंचशीलाला जवळ बोलावलं. "खोकला?"

"न्हाई आता. आठ दिवस झाले."

"श्वास घे मोठा." पोरीनं घेतला. "अजून घे." अजून घेतला. स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. नरसिंग उठून उभा राहिला. जनकाबाई उठली नाही. हॉर्न परत वाजला, मग गाडी निघाल्याचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. नरसिंग वाकळेसकट परत बसला.

"चहा ठेवा विहीणबाई," जनकाबाई म्हणाली. "साखर कमी टाका."

बाळंतपण दसऱ्याच्या आधी झालं. मुलगी झाली. चांगुणानं ठरल्याप्रमाणं येऊन सगळं निभावलं, आणि लगेच वारं बाधेल म्हणून दोन्ही झरोके बंद करायला निघाली. सोजराबाईनं बाज झोताच्या बाहेर कोपऱ्यात सरकवली, मधे लुगड्याचा आडोसा केला आणि दुपारचं ऊन असेपर्यंत झरोके उघडेच ठेवले. दोघींचं त्यावरून रोज वाजायचं. मायलेकी दोघी त्या भांडणात झोपी जायच्या.

दिवाळीनंतर भिंत बुडापासून कोरडी झाली. मकबूलनं भुसा घातलेल्या मातीचा गिलावा दिला. त्यावर चुन्याचा हात. ह्यावेळी चुना धरला. पुढं दरवर्षी मृगाच्या आधी सोजराबाई चर उपसायची, मुरूम ठोकायची, चुना द्यायची, आणि पावसाळाभर कणगीच्या मागं हात घालून बघायची. बुरा कधी कोपऱ्यात एखादा ठिपका टाकून जायचा. ती पुसायची, झरोका उघडायची आणि पुढच्या कामाला लागायची.

नात वर्षाची झाल्यावर सोजराबाई वसमतच्या बाजारात मिरच्या निवडत होती. गोरेगावाकडची एक बाई भेटली, मिराबाई नावाची. बोलण्यात ओळख निघाली. मिराबाई म्हणाली, "म्हणजे तुमचीच ती भिंत. जनकाबाई सांगत व्हती आमच्याकडं, मी जाऊन इहिणीला सिमिटाची भिंत पाडायला लावली, म्हणून. पहार तिनंच घातली म्हणे पहिली."

सोजराबाईनं एक मिरची उचलून देठ बघितला.

"व्हय, त्यांनीच," म्हणाली. मग विचारलं, "आणि नात कुठं झाली म्हणाली?"

"कुरुंद्यात. आजोळी."

सोजराबाईनं मान हलवली आणि माळ्याला म्हणाली, ह्या ओल्या आहेत, वाळलेल्या दाखव.